पाव पाठवू नका, पाव पाठवा

१२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं या आठवड्याचं पार्सल काल पोचलं. बनपाव, बिस्किटं आणि तो वेणीसारखा गुंफलेला मोठा पाव. बिस्किटांचा डबा तुमच्या लेकीनं संध्याकाळपर्यंत निम्मा केला. आईच्या हातचं असलं की तिचा हात आखडत नाही.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि दोघींनाही काही ऐकू येत नाही. शिवाय आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि हे सूनबाईच्या कानावर जायला नको.

मी शिवणकाम करणारी बाई, माणसाला बघितलं की डोळे आपोआप माप घेतात. लग्न झाल्यापासून तिची कामावरची विजार मी तीनदा आत घेतली. आता आत घ्यायला कापडच राहिलं नाही. बंदरावरच्या क्रेनची शिडी ती पूर्वी धावत चढायची म्हणे, हल्ली मध्येच थांबून श्वास घेते. पोट फुगतं, सारखं आत-बाहेर चालू असतं. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन जीभ काळी झाली, पण रक्त काही वाढत नाही. गेल्या आठवड्यात बंदराच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की रक्त वाढेपर्यंत वर चढायचं नाही. तिला खाली ऑफिसात बसवलंय. पुढच्या तपासणीतही नापास झाली तर क्रेन कायमची दुसऱ्या कुणाला तरी देतील. ती तक्रार करत नाही, पण घरी आली की खिडकीतून क्रेनच्या दिव्यांकडे बघत बसते. मला ते बघवत नाही.

तिला लहानपणी असं काही व्हायचं का? सहज विचारतेय.

तुमची,
सुईवाली विहीण


१९ जानेवारी

विहीणबाई,

ज्या पत्रात ‘सहज विचारतेय’ असं असतं, ते पत्र सहज लिहिलेलं नसतं. मी भट्टीपुढे उभी राहणारी असले तरी एवढं कळतं मला.

माझी भिंगरी तुमच्या घरी आली तेव्हा चांगली भरल्या अंगाची होती. तुमच्याकडे चमच्यानं मोजून वाढतात असं मी म्हणत नाही. मी म्हणत नाही हं. पण तुम्ही दोघी माय-लेक चिमणीसारखं खाणार आणि ती बिचारी लाजून पानावरून उठणार, असं होत असेल. अहो, दोघी कसलं, दोघं म्हणायचं होतं. जावईबापूंना सांगू नका.

लहानपणी पोटाची कुरकुर होती थोडी. पण ती कुणाला नसते? मला स्वतःला जन्मभर आहे. तोंड येतं, गुडघे बोलतात, दुपारी कुठे डोकं टेकू असं होतं. भट्टीपुढे राबणारी बाई फुलासारखी टवटवीत कशी राहील? आम्ही नाही त्याचं भांडवल केलं.

या वेळी पार्सल दुप्पट केलंय. सकाळी बन, दुपारी पाव, झोपताना दुधात बिस्किटं. महिन्याभरात विजारीचं कापड पुन्हा बाहेर काढावं लागेल तुम्हाला.

तुमची,
भट्टीवाली


९ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

एक चोरी केलीय, ती कबूल करते.

तुमची गेली तीन पार्सलं मी सूनबाईला दाखवलीच नाहीत. पार्सल दारात आलं की तसंच खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे. ‘आईचं पार्सल का नाही आलं?’ असं तिनं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा पोस्टखात्यावर ढकललं. घरात भात, बटाटे, अंडी, मासे, भाज्या एवढंच केलं.

असं का केलं, तर तुमचं दुप्पट पार्सल आलं त्या आठवड्यात ती दुप्पट आजारी पडली. मी डॉक्टर नाही. पण शिवण कुठे उसवतेय ते कळत नसेल तर एकेक धागा ओढून बघावा लागतो. हा धागा ओढला आणि पोट उतरलं. परवा जेवण झाल्यावर ती पलंगाकडे न जाता माझ्यापाशी बसून गुंड्या निवडत होती. गाणं गुणगुणत होती. मी तिचं गाणं या घरात प्रथमच ऐकलं.

रागावा, पण ऐका. पाव पाठवू नका.

सुईवाली


१४ मार्च

विहीणबाई,

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या खूप पाहिल्या, तुम्ही तर भांडंच शेजारणीला देऊन टाकलंत.

माझ्या सासूपासून या बेकरीच्या पावावर अख्खी वस्ती वाढली. पाव खाऊन कुणी आजारी पडल्याचं अजून ऐकलं नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई ठणठणीत आहेत ना? मग?

पार्सल बंद केलंय. आता तुमच्या भाताला यश येवो.

भट्टीवाली


२ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गिळलं. आता माझी गंमत ऐका, तुमचा राग अर्धा होईल.

सूनबाईला घेऊन पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, हा सिलिअ‍ॅक असू शकतो. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, ज्यानं तुमचं पीठ ताणलं जातं ना, तोच. काहींचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःचंच आतडं जखमी करतं. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. मी पुढे सरसावून सांगितलं, ‘मी सहा आठवड्यांपासून गहू बंदच केलाय.’

बाईंनी चष्मा काढला. ‘कुणाला विचारून?’

तर त्याचं असं आहे. रक्ताच्या तपासणीत त्या लढाईच्या खुणा शोधतात. गहू बंद केला की लढाई थांबते, खुणा पुसट होतात आणि आजार असूनही कागदावर ‘काही नाही’ असं येऊ शकतं. तपासणीच्या आधी गहू सोडायचा नसतो. शहाणपणा करून मीच पुरावा पुसत बसले होते. आता तिला तपासणी होईपर्यंत काही आठवडे रोज गहू खायला हवा.

तेव्हा, विहीणबाई, कान पकडून लिहिते. पाव पाठवा.

सुईवाली


७ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र मी बेकरीत भिंतीवर लावलंय. शेवटची ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलीय. भिंगरीचे बाबा म्हणाले, पुरे आता, बिचारीची किती शोभा करशील. मी म्हटलं, दोन दिवस राहू दे.

पार्सल पाठवलंय. पण खरं सांगू? आज पीठ मळताना हात चालेना. एवढी वर्षं पाव करतेय, कुणी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. लेकीला त्रास होतो का ते बघायला पाव करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तिला सांगा, जास्त खाऊ नकोस. नको, असं सांगू नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं खाऊ दे. आणि रात्री तिच्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवा, मी ठेवायचे.

भिंतीवरचं पत्र काढलं.

भट्टीवाली


२८ मे

विहीणबाई,

निकाल आला. सिलिअ‍ॅकच आहे. आधी रक्तात दिसलं, मग दुर्बिणीनं आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला, त्यातही तेच.

घाबरू नका, शेवटपर्यंत वाचा. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. आपल्या आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. सूनबाईची ती मखमल झिजून सपाट झालीय, म्हणून लोहाच्या गोळ्या आल्या तशा गेल्या. याला गोळी नाही, ऑपरेशन नाही. फक्त गहू आणि जव, त्यांचा मैदा-रवा धरून, जन्मभर बंद. पण पथ्य पाळलं की लव पुन्हा उगवते. उगवते, विहीणबाई. सव्वा तासाच्या भेटीत मी हे तीनदा विचारून घेतलं.

ऐकून सूनबाई काय म्हणाली असेल? बाहेर पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. ‘म्हणजे मी नाटक करत नव्हते. माझ्या आतड्याचं चित्र आहे यांच्याकडे.’ बंदरावर काही लोक तिला नाजूकराणी म्हणायला लागले होते, ते तिनं आपल्या दोघींपासूनही लपवलं होतं.

आणि दोष सगळा तुमच्या पावावर टाकू नका. गहू बंद करायच्या आधी मी तिला शक्ती यावी म्हणून सूप पाजत होते, ते दाट व्हायला त्यात मैदा लावत होते. आपण दोघींनी दोन्ही बाजूंनी तिला प्रेमानं मारत आणलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हे ऐकून लगेच जाहीर केलं, मलाही गहू जड जातो, आजपासून मीही सोडते. मी म्हटलं, आधी तपासा. काहींना गव्हाचा नुसता त्रास होतो, पोट बिघडतं, पण आतडं शाबूत असतं. ते वेगळं आणि हे वेगळं. बाईंना राग आला. तुमचा पाव बंद होणार याचं दुःख असावं.

तुमची,
सुईवाली


५ जून

विहीणबाई,

बेकरीवाल्याच्या घरात जन्मलेल्या पोरीला पाव वर्ज्य, हे कसलं नशीब म्हणून खूप रडले. मग मनाशी म्हटलं, रडून काय पीठ भिजतं?

तांदळाचं पीठ आणलं, बटाट्याचं सत्त्व आणलं. परात, साचे, टेबल सगळं कढत पाण्यानं घासलं. भट्टी रिकामी करून झाडली. पहिला पाव दगड झाला. दुसरा मधोमध खचला. तिसऱ्याला मी आमच्या धंद्यातली एक छोटी युक्ती केली आणि विहीणबाई, काय फुगलाय म्हणून सांगू. पार्सल सोबत आहे. भिंगरीला पोटभर खाऊ द्या, गव्हाचं पीठ त्याला लागलेलंसुद्धा नाही.

तुमची,
जिंकलेली भट्टीवाली


१४ जून

विहीणबाई,

पाव सुरेख होता. ती खाताना डोळे मिटत होती. मग दोन दिवस उलट्या, जुलाब आणि ताप आल्यासारखी कणकण. काल मला म्हणाली, ‘आईला कळवू नका, तिला वाईट वाटेल.’ मी कळवतेय. वाईट वाटून घ्या, पण एवढं सांगा, ती छोटी युक्ती कोणती?

सुईवाली


१८ जून

विहीणबाई,

आंबवण. माझ्या सासूनं हातात दिलेलं आंबवण, ज्याला मी रोज मूठभर पीठ घालून आजवर जिवंत ठेवलं. त्यातलं चमचाभर घातलं, त्यानं पाव फुगला. मूठभर पीठ कसलं, ते लिहायला नको. मला ते पीठ वाटतच नाही हो. ते मला घरातलं माणूस वाटतं.

तुमचं पत्र वाचलं आणि मी वर बघितलं. उजेडाच्या तिरिपेत पीठ तरंगत होतं. दिव्यावर पीठ, खिडकीवर पीठ, माझ्या भुवयांवर पीठ. या खोलीत मी गव्हाशिवाय पाव करायला निघाले होते. काय म्हणावं मला?

आता मी काही पाठवणार नाही. लेकीला खायला घालणं एवढंच मला येत होतं, आणि तेवढंच आता मला करता येणार नाही. तुम्ही घाला. तुमच्या हातचं तिला मानवतं. हे लिहायला मला किती जड गेलं ते तुम्हाला कळेल, तुम्हीही आईच आहात.

भट्टीवाली


२५ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

दोन महिने तुमचं पत्र नाही. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. फोनवर तुम्ही ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणून ठेवून देता. तुम्ही एकदम बोलत नाही तर मला करमत नाही.

बातमी चांगली आहे. रक्त वाढलंय. विजारीच्या सगळ्या शिवणी मी उसवल्या, कापड बाहेर काढलं. तिचे गाल बघाल तर ओळखणार नाही. जिना चढताना गाणं म्हणते आणि गाणं वाईट म्हणते, हे आता सांगायला हरकत नाही. क्रेनसाठीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

आता अडचण. डॉक्टरीणबाई पहिल्यापासून सांगताहेत, हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, आईवडिलांची तपासणी करा. सूनबाईच्या बाबांनी केली, त्यांचं काही निघालं नाही. तुम्ही मात्र ‘आज भट्टी पेटलीय, उद्या गिऱ्हाईक आहे’ करताय. काल सूनबाईनं जाहीर केलं, ‘आई रक्त देईल तेव्हाच मी बंदराच्या डॉक्टरांकडे जाईन.’ तिचा हट्ट कुणावर गेलाय ते मी बोलत नाही.

तोंड येतं, गुडघे बोलतात, दुपारी डोकं टेकावंसं वाटतं. हे मी लिहिलेलं नाही, तुम्हीच लिहिलंय.

तुमची,
सुईवाली


१ सप्टेंबर

विहीणबाई,

भीती वाटते. बस, एवढंच आहे. भट्टी आणि गिऱ्हाईक ही बाजारात सांगायची कारणं.

दोष निघाला तर पोरीला हे माझ्याकडूनच गेलं असं होईल. आणि पावाशिवाय मी कोण? रस्त्यात लोक मला ‘पाववाल्या बाई’ म्हणतात. दुसरं नाव कुणाला ठाऊक नाही.

पण तिनं क्रेन पणाला लावली, आता माझा इलाज चालत नाही. उद्या जाते. गहू सोडलेला नाही हं, तुमच्यासारखा शहाणपणा केला नाही.

भट्टीवाली


२२ सप्टेंबर

विहीणबाई,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मलाही तेच आहे. रक्तात आणि तुकड्यात, दोन्हीकडे.

डॉक्टर हळूहळू, जपून सांगत होते, बिचाऱ्यांना वाटलं मी कोसळेन. मी हसत सुटले. अहो, माझी सासू मला आयुष्यभर आळशी म्हणाली. तिचं ऐकून मीही स्वतःला म्हणत आले. सगळी झोपेत असतानाच उठायचं, भट्टी पेटवायची, दिवसभर उभं राहायचं, आणि तरी दुपारी डोकं टेकलं की लाज वाटायची. मी आळशी नव्हते, विहीणबाई. मी आजारी होते आणि तरी एवढं केलं. स्वतःचाच मला अभिमान वाटला.

पिठाचं काम आता भिंगरीचे बाबा आणि कामावरच्या दोन पोरी बघतील. आंबवण त्यांच्या स्वाधीन केलं, ‘सांभाळा हो’ म्हणून. समोरचं फुलांचं दुकान बंद पडलंय, ती खोली मी घेतेय. तिथे गव्हाचा कण शिरणार नाही. नवी परात, नवी भट्टी, आणि दारात पाटी लावणार, पिठाचे कपडे घालून आत येऊ नये. पहिला पाव पुन्हा दगड होईल. होऊ दे.

आधी मात्र एक महिना तुमच्याकडे येते. इथल्या हवेतून बाहेर पडायला डॉक्टरांनी सांगितलंय. मैदा घातलेलं सूप देऊ नका.

भट्टीवाली


२६ सप्टेंबर

विहीणबाई,

या. मैदा केव्हाच घराबाहेर गेला. लाकडी चमचे, पोळपाट, चाळणी सगळं बदललं. टोस्टर खालच्या बाईंना दिला, त्या पुन्हा बोलायला लागल्या.

तुमची लेक तपासणीत पास झाली. सोमवारपासून वर चढते. हे तिनं स्वतः सांगायचं ठरवलं होतं, पण माझ्या हातात पेन आहे.

सुईवाली


६ ऑक्टोबर, तुमच्याच शिवणयंत्राच्या टेबलावरून

विहीणबाई,

तुम्ही तो निळा झगा पोचवायला गेल्यात आणि याल तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलेली असेन. तोवर पोटात ठेवणं मला जमणार नाही, म्हणून लिहून कात्रीखाली ठेवतेय.

मी बंदरावर जाऊन आले. फाटकापाशी एक बाक आहे, तिथे बसले. भिंगरी मला दिसलीच नाही, एवढ्या उंचावर माणूस कुठे दिसतं? पण क्रेनचा हात वळला, खाली आला, घराएवढी लोखंडी पेटी अलगद उचलली आणि जहाजावर नेऊन अशी टेकवली की आवाज झाला नाही. पीठ परातीत ठेवताना मी हात जसा अलगद ठेवते, तसाच. शेजारचा पहारेकरी म्हणाला, ‘हा हात नव्या बाईंचा नाही, जुन्या बाई परत आल्या वाटतं.’ मी त्याला म्हटलं, ‘ती माझी लेक.’ तो म्हणाला, ‘मग रडताय कशाला?’

जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरली. मध्ये कुठे न थांबता. मी श्वास धरून बघत होते, धाप मलाच लागली, तिला नाही. मग बाकावर बसून आम्ही तुमचा डबा उघडला. भात, बटाट्याची भाजी, मासा. तिनं एकदाही विचारलं नाही, ‘यात काय आहे?’ मीही विचारलं नाही. या मुलीला मी जन्मापासून स्वतःच्या हातानं भरवलं, दुसऱ्याच्या हातचं तिनं आवडीनं खाल्लं तर मला आतून टोचायचं, ते आज बोलून टाकते. आज दुसऱ्या बाईच्या हातचं आम्ही दोघी एकाच डब्यातून खात होतो आणि मला काहीसुद्धा टोचलं नाही. शेवटचा घास तिनं मला दिला, मी तिला परत दिला, मग तिनं तो मोडून निम्मा केला.

मासा थोडा खारट होता. पण उद्याही तसाच करा.

तुमची,
विहीण